एआय सहायकाने चालू केलेला जुना प्रोग्राम पुन्हा पुन्हा का बिघडतो: निदान आणि उपाय

लक्षण

दहा-बारा वर्षांपूर्वी शेवटचे कमिट (नोंदवून ठेवलेला बदल) झालेला एखादा ओपन सोर्स प्रोग्राम आजच्या संगणकावर चालत नाही, मूळ लेखकाला पाठवलेला ईमेल परत येतो, आणि त्या प्रोग्रामचे काम करणारे दुसरे काही सापडत नाही. म्हणून आपण संपूर्ण रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेले भांडार) एखाद्या एआय कोडिंग सहायकाच्या हवाली करतो. पहिले दोन तास काम झपाट्याने पुढे सरकते. एकामागून एक एरर नाहीशा होतात, बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणे) पूर्ण होते, मुळात असलेल्या चार टेस्ट हिरव्या होतात, म्हणजे यशस्वी ठरतात, आणि प्रोग्राम आता व्यवस्थित चालतो आहे असे सहायक सांगतो. दुसऱ्या दिवशी खरी, मोठी फाइल उघडली की प्रोग्राम कोसळतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, न कोसळता चुकीचे उत्तर देतो. ती चूक दाखवून दिली की सहायक ती दुरुस्त करतो, पण त्या दुरुस्तीने आधी नीट चालणारा दुसरा भाग बिघडतो. तो भाग सावरेपर्यंत पहिलीच चूक वेगळ्या रूपात परत आलेली असते.

या चक्राची एक ठळक खूण आहे. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास उघडून पाहिला तर एकाच फाइलमधल्या त्याच दहा-वीस ओळी पाच-सहा कमिटमध्ये पुन्हा पुन्हा बदललेल्या दिसतात, आणि प्रत्येक कमिटचा संदेश मात्र ‘अखेर दुरुस्त केले’ अशाच अर्थाचा असतो. ही खूण दिसली की सहायकाला आणखी एक सूचना देणे तिथल्या तिथे थांबवावे. पुढची सूचना कितीही नेमकी लिहिली तरी ती या चक्रातून बाहेर काढत नाही, कारण बिघाड सूचनेच्या शब्दरचनेत नसतोच.

मूळ कारण

नांदत्या प्रकल्पात ‘बरोबर काय’ हे सांगणारी माणसे असतात. एखादा बदल चुकीचा असेल तर मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) तो परत पाठवतो, वापरणारे तक्रार नोंदवतात, आणि अमुक ओळ अशी विचित्र का लिहिली आहे हे कुणाच्या तरी लक्षात असते. सोडून दिलेल्या प्रकल्पात यातले काहीच उरलेले नसते. टेस्ट असल्याच तर लेखकाला ज्या भागाची धास्ती वाटली तेवढ्याच असतात आणि कागदपत्रे दोन आवृत्त्या मागे राहिलेली असतात. अशा ठिकाणी ‘बरोबर’ म्हणजे काय याची एकच खात्रीची नोंद शिल्लक राहते, ती म्हणजे जुन्या वातावरणात चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामचे प्रत्यक्ष वर्तन. सहायकाला हे वर्तन दिसत नाही. त्याला दिसतो तो कोड आणि आजच्या कंपायलरने किंवा इंटरप्रिटरने दिलेली एरर. म्हणून तो एरर घालवतो, आणि एरर गेली की काम झाले असे समजतो, कारण दुसरे कोणतेही मोजमाप आपण त्याच्या हाती दिलेले नसते.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. सहायक ज्या मजकुरावर घडला आहे त्यात एकाच लायब्ररीच्या (इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडच्या) जुन्या आणि नव्या आवृत्त्यांचा कोड शेजारी शेजारी होता. त्यामुळे तो अनेकदा जुन्या आवृत्तीचे फंक्शन आणि नव्या आवृत्तीचे आर्ग्युमेंट एकत्र आणतो, आणि असा कोड वाचायला स्वच्छ वाटला तरी कोणत्याही आवृत्तीवर चालत नाही. दुसरे असे की सहायकाशी नवे सत्र सुरू झाले की काल घेतलेला निर्णय त्याला ठाऊक नसतो. काल विचारपूर्वक तसाच ठेवलेला भाग आज त्याला गबाळा दिसतो आणि तो ‘स्वच्छ’ केला जातो.

आपली स्वतःची जाणीवही इथे पुरेशी विश्वासार्ह नाही. एमईटीआर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी ओपन सोर्स विकासकांनी २४६ कामे केली. ज्या कामांत एआय वापरण्याची मुभा होती त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला, पण काम संपल्यावर विकासकांना मात्र आपला सुमारे २० टक्के वेळ वाचला असे वाटत होते. ती माणसे स्वतःच्या ओळखीच्या कोडवर काम करत होती. आपण तर अनोळखी कोडमध्ये शिरलेलो असतो, त्यामुळे ‘काम पुढे सरकते आहे’ या भावनेवर विसंबून निर्णय घेणे मला धोक्याचे वाटते.

एक उदाहरण, जवळून

तापमान नोंदवणाऱ्या एका जुन्या उपकरणाच्या फाइली वाचून आलेख तयार करणारा पायथन २ (पायथन या प्रोग्रामिंग भाषेची जुनी आवृत्ती) मधला एक छोटा प्रोग्राम मी असाच हाती घेतला होता. उपकरण प्रत्येक वाचन अंशाच्या दहाव्या भागात, पूर्णांकात साठवत असे. म्हणजे उणे ०.७ अंश हे फाइलमध्ये -७ असे येई. प्रोग्राम ही वाचने अर्ध्या अर्ध्या अंशाच्या खान्यांत विभागत असे, त्यासाठी वाचनाला ५ ने भागत असे, आणि आलेल्या अंकात शून्याच्या खान्याचा क्रमांक मिळवून यादीतला योग्य खाना एकाने वाढवत असे.

पायथन २ मध्ये दोन पूर्णांकांचा ‘/’ या चिन्हाने केलेला भागाकार खालच्या पूर्णांकावर उतरतो. म्हणून -७ / ५ चे उत्तर -२ येते. पायथन ३ मध्ये त्याच चिन्हाने -१.४ येते. पायथनचे ‘२टू३’ हे रूपांतराचे साधन प्रिंट, युनिकोड वगैरे पुष्कळ गोष्टी बदलते, पण भागाकाराला हात लावत नाही. त्यामुळे रूपांतरानंतर यादीचा क्रमांक अपूर्णांकी झाला आणि पायथनने टाइप एरर दिली. सहायकाने ती पाहिली आणि भागाकाराभोवती ‘इंट’ हे पूर्णांक करणारे फंक्शन गुंडाळले. एरर गेली. टेस्टमधली सगळी वाचने शून्याच्या वरची होती, त्यामुळे टेस्टही हिरव्या झाल्या.

आता -१.४ ला ‘इंट’ लावले की -१ येते, कारण ‘इंट’ शून्याच्या दिशेने छाटतो, खाली उतरत नाही. म्हणजे ५ च्या पटीतली सोडून शून्याखालची सर्व वाचने एक खाना वर सरकली. आणि शून्याच्या खान्यात ० ते ४ या पाच मूल्यांऐवजी -४ ते ४ ही नऊ मूल्ये जमा होऊ लागली. आलेखावर शून्यापाशी एक अनाठायी सुळका उभा राहिला. ‘शून्याच्या खान्यात फार नोंदी येत आहेत’ असे मी नव्या सत्रात सांगितले, तेव्हा सहायकाने शून्याच्या आसपासची वाचने सेन्सरच्या बिघाडातून आली असावीत असे गृहीत धरून ती गाळणारी अट लिहिली. सुळका गेला. पुढच्या आठवड्यात दैनिक नोंदींची संख्या जुळेना, आणि मी तिसऱ्या सत्रात तिसरी तक्रार घेऊन बसलो.

खरा उपाय एका चिन्हाचा होता. ‘/’ च्या जागी ‘//’ लिहायचे होते, जे पायथन २ आणि ३ या दोन्हींत खालीच उतरते. एक चिन्ह सापडायला तीन सत्रे लागली याचे कारण म्हणजे त्या तिन्ही सत्रांत जुन्या प्रोग्रामने त्याच फाइलवर काय उत्तर दिले असते हे ना सहायकाने पाहिले होते ना मी.

आधी जुना प्रोग्राम जुन्याच वातावरणात चालवावा

म्हणून उपायाची पहिली पायरी नव्या कोडची नाही. सहायकाने एकही ओळ बदलण्याआधी मूळ प्रोग्राम, जसा आहे तसा, त्याच्या काळातल्या वातावरणात चालवून दाखवावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात. माझ्या अनुभवात एकूण वेळेचा तिसरा हिस्सा इथे जातो, आणि तो जाऊ द्यावा.

शेवटच्या कमिटची तारीख पाहून सुरुवात करावी, कारण त्या दिवशी ज्या आवृत्त्या उपलब्ध होत्या त्याच लायब्ररी लेखकाच्या संगणकावर असण्याचा संभव सर्वाधिक असतो. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात पॅकेजे उतरवणाऱ्या एनपीएमचा ‘बिफोर’ हा पर्याय एखाद्या तारखेपूर्वी प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्याच निवडतो, त्यामुळे काम सोपे होते. पायथन २.७ साठी डॉकरची (प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या बंदिस्त वातावरणात, चालवणाऱ्या साधनाची) प्रतिमा अजून मिळते, मात्र तिच्यात पायथनची पॅकेजे उतरवणाऱ्या पिपची २०.३.४ ही आवृत्तीच ठेवावी, कारण २१.० पासून पिपने पायथन २ चा आधार काढून टाकला. जुन्या सी प्रोग्रामसाठी डेबियन या लिनक्स वितरणाच्या जुन्या आवृत्त्यांचे संग्रहस्थान आणि रोजच्या स्थितीच्या प्रती जपणारे ‘स्नॅपशॉट’ हे स्थळ अतिशय उपयोगी आहे. तिथली पॅकेजे उतरवताना सह्यांची मुदत संपल्याची तक्रार येते. ती तपासणी फक्त त्या बंदिस्त कंटेनरपुरतीच शिथिल करावी, स्वतःच्या रोजच्या प्रणालीवर कधीही नाही.

ही जुळवाजुळव करण्यासाठी सहायकाचा वापर जरूर करावा. डॉकरफाइल लिहिणे, गहाळ हेडरवरून (फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइलीवरून) पॅकेजचे नाव ओळखणे, आवृत्त्यांची सांगड घालणे यांत तो खरोखर चांगला आहे, आणि इथे त्याची चूक लगेच उघडी पडते: जुना प्रोग्राम सुरू होतो किंवा होत नाही. फक्त एक अट घालावी की या टप्प्यात मूळ कोडची एकही फाइल बदलायची नाही. कंटेनरमध्ये कोड केवळ वाचण्यापुरता जोडला तर ही अट शब्दांवर अवलंबून राहत नाही.

वर्तनाची नोंद

जुना प्रोग्राम चालू लागला की त्याच्याकडून साक्ष नोंदवून घ्यावी. जेवढ्या खऱ्या फाइली मिळतील तेवढ्या त्याला द्याव्यात आणि प्रत्येकीचे आउटपुट, प्रोग्राम संपताना यश-अपयश सांगणारा अंक म्हणजे एक्झिट कोड आणि त्याने लिहिलेल्या फाइली जशाच्या तशा जपून ठेवाव्यात. कोणत्या फाइली निवडायच्या याचा विचार माणसाने करावा. रिकामी फाइल, एकाच नोंदीची फाइल, अर्ध्यात तुटलेली फाइल, ऋण आकडे, देवनागरी किंवा इतर लिपीतला मजकूर असलेली फाइल ही उदाहरणे सहायकाने स्वतःहून तयार केलेल्या नमुन्यांत क्वचितच असतात. माझ्या प्रोग्रामसाठी शून्याखालच्या एका रात्रीची एकच फाइल पुरली असती.

त्यानंतर एक तुलना-स्क्रिप्ट लिहावी, जी नव्या प्रोग्रामला त्याच फाइली देते आणि जुन्या नोंदींशी फरक दाखवते. इथे काही निरुपद्रवी फरक हमखास येतात आणि त्यांची ओळख असणे आवश्यक आहे. पायथन २ मध्ये ०.१ + ०.२ प्रिंट केले तर ०.३ दिसते, तर पायथन ३ त्याच बेरजेचे सगळे अंक दाखवतो आणि शेवटी ४ येतो. डिक्शनरीतल्या (नाव-मूल्यांच्या जोड्या ठेवणाऱ्या रचनेतल्या) नोंदींचा क्रम पायथन २ मध्ये बेभरवशाचा होता, तर ३.७ पासून टाकलेल्या क्रमाने मिळण्याची हमी आहे. असे फरक तुलनेपूर्वी एकसारखे करून घ्यावेत. मात्र ‘आकडे जवळपास जुळले तरी चालेल’ अशी सरसकट सूट देऊ नये. पायथन २ चा ‘राउंड’ २.५ चे ३.० करतो आणि पायथन ३ चा २ करतो, कारण नव्या नियमात बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम अंकाकडे जातो. ढिली तुलना हा फरक गिळून टाकते, आणि हिशेबाच्या प्रोग्राममध्ये तो अजिबात निरुपद्रवी नसतो.

पायथनपुरती एक युक्ती इथेच सांगतो. पायथन २.७ ला ‘-३’ हा पर्याय देऊन जुना प्रोग्राम चालवला तर जिथे जिथे दोन पूर्णांकांचा जुन्या पद्धतीने भागाकार होतो ती प्रत्येक ओळ वॉर्निंगमध्ये सांगितली जाते. प्रत्यक्ष चाललेल्या ओळीच त्यात येतात, म्हणून नोंदीसाठी गोळा केलेल्या सर्व फाइली या पर्यायासह एकदा चालवाव्यात. माझ्या प्रोग्राममध्ये या यादीने आणखी एक गोष्ट उघड केली: दैनिक सरासरीही पूर्णांकी भागाकाराने काढलेली होती, म्हणजे मूळ प्रोग्रामच वर्षानुवर्षे सरासरी थोडी खाली दाखवत होता. ही लेखकाची चूक होती. तरीही पहिल्या फेरीत मी ती तशीच ठेवली. जुन्या चुका आणि नव्या चुका एकाच वेळी हलू लागल्या तर कोणता फरक कशाने आला हे सांगता येत नाही. म्हणून आधी जुन्यासारखे वर्तन जसेच्या तसे मिळवावे, आणि मूळ चुकांची दुरुस्ती नंतर, वेगळ्या कमिटमध्ये, लिहून सांगून करावी.

जुना प्रोग्राम काही केल्या चालतच नसेल, तर मार्गदर्शिकेतली उदाहरणे, रिपॉझिटरीत चुकून राहिलेल्या आउटपुट फाइली आणि वापरकर्त्यांनी तेव्हा टाकलेली चित्रे यांवर भागवावे लागते. ही साक्ष दुबळी असते, आणि ती दुबळी आहे हे प्रकल्पाच्या माहितीत लिहून ठेवावे.

सहायकाला काम कसे द्यावे

नोंदी आणि तुलना-स्क्रिप्ट तयार झाल्यावर सहायकाला मुख्य कोड उघडून द्यावा, परंतु नोंदींचा फोल्डर त्याच्या हाताबाहेर ठेवावा. टेस्ट अपयशी ठरत असेल तर काही वेळा सहायक कोडऐवजी टेस्टमधले अपेक्षित उत्तर बदलतो, टेस्ट वगळतो, किंवा संपूर्ण भागाभोवती ‘ट्राय’ आणि रिकामे ‘एक्सेप्ट’ लावून एरर गिळून टाकतो. हे थांबवण्यासाठी विनंती पुरत नाही. नोंदी वेगळ्या रिपॉझिटरीत ठेवाव्यात आणि तुलना आपण स्वतः चालवावी.

एका वेळी एकाच जातीचा बदल करून घ्यावा. पायथन ३.१० मध्ये ‘कलेक्शन्स’मधून ‘मॅपिंग’सारखी नावे थेट मिळणे बंद झाले, ३.१२ मध्ये ‘डिस्टयुटिल्स’ गेले, नमपाय या गणिती लायब्ररीच्या १.२४ मध्ये ‘एनपी.फ्लोट’ गेले, या प्रत्येकासाठी स्वतंत्र कमिट असावे आणि प्रत्येक कमिटनंतर तुलना चालवावी. कोडची मांडणी सुधारणे, नावे बदलणे, टाइप जोडणे हे सर्व या टप्प्यात पूर्णपणे वर्ज्य ठेवावे, कारण चारशे ओळींच्या फरकात एक चुकलेले चिन्ह डोळ्यांना दिसत नाही. त्याचबरोबर, दुरुस्ती मागण्याआधी कारण मागावे: ही एरर कोणत्या आवृत्तीतल्या कोणत्या बदलामुळे आली, त्या बदलापूर्वी ही ओळ नेमके काय करत होती, आणि अशा आणखी किती ओळी आहेत. वरच्या उदाहरणात ‘पायथन २ मध्ये या ओळीचे उत्तर ऋण आकड्यांसाठी काय येई’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर सहायकाने बरोबर उत्तर दिले असते, याची मी नंतर खात्री करून घेतली. त्याला माहिती होती. आपण ती मागितली नव्हती.

घेतलेले निर्णय रिपॉझिटरीतच एका फाइलमध्ये लिहावेत. बहुतेक सहायक सत्राच्या सुरुवातीला ‘एजंट्स डॉट एमडी’ किंवा तशाच नावाची सूचना-फाइल वाचतात. तिच्यात सामान्य उपदेश लिहू नये. ‘खान्याच्या हिशेबातला // बदलू नये, ऋण वाचनांसाठी तो आवश्यक आहे’ अशी कारणासह वाक्ये लिहावीत. कारण नसलेली मनाई पुढच्या सत्रात मोडली जाण्याचा संभव अधिक असतो, आणि सहा महिन्यांनी आपल्याला स्वतःलाही ती समजत नाही.

सी भाषेतल्या प्रकल्पांची विशेष अडचण

सी मध्ये हाच रोग अधिक घातक रूप घेतो, कारण तिथे एरर घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग कंपायलरचा एखादा फ्लॅग (बिल्डच्या वेळी द्यायचा पर्याय) हा असतो. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी या सी कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीने, आधी घोषित न केलेले फंक्शन वापरणे ही वॉर्निंग न मानता एरर मानायला सुरुवात केली. असंख्य जुने प्रकल्प त्या दिवसापासून कंपाइल होईनासे झाले. सहायकाला ही एरर दाखवली की ती पुन्हा वॉर्निंग करणारा फ्लॅग मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) घालावा असे तो बऱ्याचदा सुचवतो, आणि बिल्ड पूर्ण होते.

पण त्या एररमागे खरा धोका असू शकतो. घोषणा नसलेले फंक्शन ‘इंट’ परत करते असे जुना नियम मानतो. ते फंक्शन प्रत्यक्षात पॉइंटर (स्मृतीतला पत्ता) परत करत असेल तर ६४ बिटांच्या प्रणालीवर पत्त्याचे वरचे ३२ बिट गळून पडतात. पूर्वी प्रोग्रामची हीप स्मृती (चालताना मागून घेतलेली जागा) खालच्या पत्त्यांवर असे, त्यामुळे गळलेले बिट शून्यच असत आणि सगळे सुरळीत चालल्याचे भासत असे. आजच्या वितरणांत प्रोग्राम सुरक्षेसाठी कुठल्याही पत्त्यावर ठेवला जाऊ शकतो, तिथे तोच कोड पहिल्याच वापरात कोसळतो. योग्य दुरुस्ती म्हणजे त्या फंक्शनची घोषणा असलेली हेडर फाइल जोडणे, आणि तशी हेडर नसेल तर ती लिहिणे. त्यासाठी फ्लॅगची मुळीच गरज नसते.

जीसीसी १० ने, म्हणजे २०२० मध्ये, आणलेला बदल त्या मानाने सौम्य आहे. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता ठेवलेला जागतिक व्हेरिएबल आता ‘अनेक व्याख्या’ अशी लिंकरची (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या साधनाची) एरर देतो. तिथे ‘-एफकॉमन’ हा फ्लॅग तात्पुरता वापरून पुढे जाण्यास माझी हरकत नाही, कारण त्याने जुनेच वर्तन परत येते. मात्र तो फ्लॅग कशासाठी ठेवला आहे हे लिहून ठेवावे आणि सवडीने हेडर दुरुस्त करावी.

आधीच चक्रात सापडला असाल तर

मागे फिरण्याची भीती बाळगू नये. सहायकाने काम सुरू करण्याआधीच्या कमिटवर वेगळी शाखा काढावी, वर सांगितल्याप्रमाणे जुने वातावरण उभे करून नोंदी घ्याव्यात, आणि मग इतिहासातले दोषी कमिट शोधणाऱ्या ‘गिट बायसेक्ट’ला तुलना-स्क्रिप्ट देऊन चुकीचे कमिट शोधून घ्यावे. ‘बायसेक्ट रन’ प्रत्येक वेळी उरलेला इतिहास निम्मा करतो, त्यामुळे ६४ कमिटमधून दोषी कमिट सुमारे सहा तपासण्यांत सापडते. मधली काही कमिट बिल्डच होत नसतील तर स्क्रिप्टने १२५ हा एक्झिट कोड परत करावा, म्हणजे गिट ती बाजूला ठेवून पुढे जातो. दोषी कमिट सापडल्यावर सहायकाकडून त्याच्यावर आणखी एक थर चढवून घेऊ नये. ते कमिट उलटवावे आणि तोच बदल कारणासह नव्याने करवून घ्यावा. दोषी कमिट चार-पाचांहून अधिक निघाली तर मी सरळ ती शाखा सोडून देतो आणि जुन्या स्थितीपासून पुन्हा सुरू करतो. नोंदी हाती असल्यामुळे दुसरी फेरी पहिलीपेक्षा पुष्कळ लवकर संपते.

लायब्ररी, परवाना आणि नाव

बंद पडलेल्या लायब्ररीला पर्याय सुचवताना सहायक कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचे नाव सांगतो, आणि अशी नावे हेरून त्यांच्याखाली घातक कोड टाकून ठेवणारी माणसे आहेत. म्हणून त्याने सुचवलेले पॅकेज स्थापित करण्याआधी ते पहिल्यांदा कधी प्रसिद्ध झाले, त्याचा स्रोत कुठे आहे आणि ते आणखी कोण वापरते हे स्वतः पाहावे. सहायकाला आपोआप पॅकेजे स्थापित करण्याची परवानगी कंटेनरबाहेर देऊ नये.

रिपॉझिटरीत परवान्याची फाइल आहे का हे खरे तर सर्वांत आधी पाहायला हवे. कोड उघडा दिसतो म्हणून तो पुन्हा प्रसिद्ध करण्याचा हक्क मिळत नाही. परवाना नसेल तर सर्व हक्क लेखकाकडेच राहतात आणि त्याची संमती घ्यावी लागते. परवाना असेल तर फाइलींच्या माथ्यावरची लेखकाची आणि परवान्याची ओळ फायली नव्याने लिहिताना सहायकाकडून गळून पडली नाही ना, हे फरकात तपासावे.

नाव ताब्यात घेण्याची घाई करू नये. जावास्क्रिप्टच्या ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजची सूत्रे २०१८ मध्ये मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीच्या हाती गेली आणि त्यातून घातक कोड पसरला. मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सापडलेला चोरदरवाजाही सुमारे दोन वर्षे काम करून विश्वास मिळवलेल्या सह-मेंटेनरने घातलेला होता. त्यामुळे जुना मेंटेनर किंवा पॅकेजचे भांडार आपल्याकडे संशयाने पाहील हे गृहीत धरावे आणि ते योग्यच मानावे. पायथनच्या भांडारात सोडून दिलेले नाव मागण्याची रीत पेप ५४१ या पायथनच्या दस्तऐवजात दिली आहे, आणि डेबियनमध्ये अनाथ पॅकेजांची जाहीर यादी असते. तोवर वेगळ्या नावाने फोर्क (मूळ कोडवरून काढलेली स्वतंत्र प्रत) प्रसिद्ध करावा आणि त्याच्या माहितीत मूळ प्रकल्पाचा ठळक उल्लेख करावा. मूळ लेखक सापडलाच तर त्याच्यापुढे सहायकाने लिहिलेला हजारो ओळींचा बदल एकदम ठेवू नये. वर सांगितलेली छोटी कमिट आणि तुलनेचा निकाल पाठवावा, म्हणजे त्याला ते वाचता येईल.

प्रसिद्ध करताना ‘जुन्या आवृत्तीपेक्षा वेगळे काय’ असा एक भाग माहितीत ठेवावा आणि तुलना-स्क्रिप्टमध्ये शेवटपर्यंत उरलेला प्रत्येक फरक तिथे लिहावा. माझ्या तापमानाच्या प्रोग्रामच्या त्या भागात आज दोनच ओळी आहेत. दैनिक सरासरी आता अपूर्णांकासह काढली जाते, त्यामुळे ती जुन्या अहवालांपेक्षा अंशाच्या दहाव्या भागाहून कमी फरकाने वर दिसू शकते. आणि तुटलेली फाइल आली की प्रोग्राम आता मुकाट्याने पुढे न जाता शेवटच्या पूर्ण नोंदीची वेळ सांगून थांबतो.